मुरलीच्या खोलीतला पंखा

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीला लेकीकडे होतो. "सकाळी उठलेच न्हाईत, भाऊजी," एवढंच सुशीलावहिनी बोलल्या... धारूरला पोचेपर्यंत मी बसच्या खिडकीतून डोंगर बघत होतो आणि मला त्या डोंगरांचा राग येत होता. ज्यानं जन्मभर तुमची चित्रं काढली तो गेला, आणि तुम्ही आपले जिथल्या तिथे!

आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, तो चित्रकला. शाळा सुटली की सॉफ्ट पेस्टलच्या खडूंचा डबा घेऊन तो बालाघाटाच्या कडेला जाऊन बसायचा. मीही जायचो. मी बोलायचो, तो नुसता 'हूं' म्हणायचा. हे खडू म्हणजे निव्वळ रंगीत भुकटी, कागदावर कशीबशी टिकून राहणारी. बाकीचे चित्रकार वरून फवारा मारून रंग पक्का करतात. मुरलीनं कधी मारला नाही. "फवाऱ्यानं रंग गडद व्हतो. माळ पाऊस पडल्यावानी दिसतो. आपला माळ कोरडा हाय बे, कोरडाच दिसू दे!" असा त्याचा हेका. त्यामुळे ऐन वैशाखातही त्याच्या खोलीत पंखा बंद. घामानं निथळत मी बटणाकडे हात नेला की तो ओरडायचा, "पंखा नको बे, डोंगर उडंल माझा!" वहिनी दारातून म्हणायच्या, "माणसं उकडली तरी चालतील, डोंगर ऱ्हायला पायजे." आणि फरशीवर सांडलेली भुकटी पुसता पुसता पुटपुटत राहायच्या.

त्यांनी नवऱ्याकडे एकच चित्र मागितलं होतं, माहेरच्या रानाचं. माहेर माजलगावच्या धरणात गेलेलं. फोटोसुद्धा नाही. "बघितल्याबिगर कसं काढू?" म्हणत मुरलीनं वर्षानुवर्षं टाळलं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र पाणी पार मागे हटलं आणि आम्ही तिघं तिकडे गेलो. भेगाळलेल्या गाळातून वहिनी लहान पोरीसारख्या पुढे पुढे चालत होत्या. एका खोडाच्या बुंध्यापाशी थांबून म्हणाल्या, "ही आमची चिंच..." मुरली तिथंच गाळात फतकल मारून बसला आणि त्यानं खडूंचा डबा उघडला. त्या दिवशी मीही गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात असं क्वचितच घडलं असेल.

पुढचं काम त्यानं घरी चालू ठेवलं. "आभाळ तेवढं ऱ्हायलंय," असं तो फोनवर म्हणाला. ते आमचं शेवटचं बोलणं.

सुतक फिटायच्या दिवशी आमच्याकडे घर झाडून-पुसून, धुऊन काढतात. मुरलीची मोठी भावजय सकाळपासून राबत होती. राबता राबता त्या खोलीत शिरली. फळीवर लावलेल्या त्या कागदावर तिला धूळच धूळ दिसली. तिनं कोरडं फडकं घेतलं आणि अगदी निगुतीनं, कोपऱ्याकोपऱ्यातून कागद पुसून काढला. मी दारात पोचलो तेव्हा ती म्हणत होती, "गेलेल्या माणसाची वस्तू अशी धुळीत कावून ठिवायची?" कागदावर फक्त एक मळकट, तपकिरी डाग उरला होता.

माझा स्वभाव तापट. तोंड उघडणार तोच मागून वहिनी आल्या. त्यांनी कागदाकडे बघितलं... बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "काई बोलू नका, भाऊजी. मायेनं पुसलंय त्यांनी." आणि जावेपुढे हात केला, "द्या ते फडकं, मी धुते."

मी त्या दिवशी परसात जाऊन रडलो. मुरलीला पोचवताना रडलो नव्हतो.

परवा पुन्हा धारूरला गेलो होतो. वहिनी मला त्या खोलीत घेऊन गेल्या. खडूंचा डबा तसाच उघडा होता. त्यांनी कपाटातून ते फडकं काढलं, मांडीवर ठेवलं आणि हलक्या हातानं एकेक घडी उलगडली. ते धुतलेलं नव्हतं. "हे पिवळं म्हंजी आमचं वावर," त्या बोट न टेकवता दाखवत होत्या, "हा निळा पाण्याचा काठ... आन् ही इथं चिंच असंल." मला पिवळा फराटा दिसत होता, थोडा जांभळा, थोडा निळा. चिंच काही दिसली नाही, पण मी मान डोलावली.

खोलीत भयंकर उकडत होतं. जुन्या सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.

"पंखा नको, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.