आवशीच्या आवाजाचे पैसे

वालावलच्या एका म्हातारीकडून मी लग्नातली चौदा गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. मी मालवणात शाळेत संगीत शिकवते. दोन रविवार तिच्या पडवीत बसले, परवानगीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि बदल्यात एक लुगडं दिलं. "माज्या पाठसून कोण म्हणतला ही? घे तू भरून," ती म्हणाली. वर्षाच्या आतच ती गेली. पुढे गाणी स्वच्छ करून मी ती ऑनलाइन विकायला ठेवली. पैसे भरले की लिंक मिळायची.

एक दिवस दोडामार्गहून एका बाईने ती घेतली. दुसऱ्या सकाळी तिचा मेसेज आला, "बाई, आवशीचो आवाज ऐकान रडलंय. तुमचे उपकार." तेव्हा मला कळलं, ही म्हातारीची एकुलती एक मुलगी. रोज बसने गोव्यात कामाला जायची. आईच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून माहेरी तिचं पाऊल पडलं नव्हतं. मी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पंधरा दिवसांनी पेमेंट कंपनीचा ईमेल आला. ग्राहकाने व्यवहारावर तक्रार केली आहे, सात दिवसांत पुरावे द्या, तोवर रक्कम अडकवून ठेवली आहे. मी तिला फोन लावला.

"माज्याच आवशीच्या आवाजाचे पैशे माका कित्याक?" ती म्हणाली. "घोव म्हणता, परत माग."

"माका आदी फोन करूचो हुतो. मी परत केले असते."

"तुमी आवशीक काय दिलात? एक लुगडा."

ते मला लागलं, कारण खरं होतं. तिथून पुढे मी शाळेतल्या मराठीतच बोलले. "ठीक आहे. मी माझी बाजू कंपनीला कळवते."

कळवलीही. कुठलाही पेपर मी इतक्या काळजीने तपासला नसेल. अंगठ्याचा कागद जोडला. फाइल चार वेळा डाउनलोड झाल्याची नोंद जोडली. आणि सगळ्यात वर तिचा तो रडल्याचा मेसेज लावला. खाली लिहिलं, 'उत्पादन मिळाल्याची आणि आवडल्याची ग्राहकाने दिलेली लेखी कबुली.' मालवणी कंपनीला कळणार नाही म्हणून त्याचा अर्थही शब्दाला शब्द लावून दिला. हे करताना माझा हात कुठेही अडखळला नाही. उलट मजा आली.

तीन आठवड्यांनी निकाल माझ्या बाजूने लागला. रक्कम फुटकळ होती. मासळीबाजारातल्या एका फेरीत संपली असती.

मग तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "बाई, गाणी उघडणत नाय. मोबाइल बिघडलो हुतो, सगळा गेला. लिंक पण चलना नाय."

"तक्रार केली की लिंक बंद होते."

"चालू करशात?"

मला चालू करता आली असती, एक बटण दाबायचं होतं. मी म्हटलं, "पुन्हा घ्यावी लागतील."

तिने पुन्हा घेतली. संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी गाण्यांबद्दल बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, तुमी दोन दिस तिच्यावांगडा बसलास. गाण्यांच्या मधी ती काय बोलली काय? माजा नाव काडल्यान?"

मूळ रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर आहे. नवव्या गाण्यानंतर म्हातारी पाणी पिते आणि म्हणते, "आमच्या चेडवाक ह्या ऐकाक गावात मां गो? तेच्या लग्नात माका गावक मिळाला नाय. ही तेचीच गाणी." मुलीला हे ऐकायला मिळेल ना, तिच्या लग्नात गायचं राहिलं, हे सगळं मीच कापून टाकलं होतं, विकायच्या गाण्यात बोलणं नको म्हणून.

ते तिला सांगायचं म्हणजे ती गाणी तिचीच होती आणि मी ती तिला दोनदा विकली, हे कबूल करायचं.

"नाही," मी म्हटलं. "गाण्यांशिवाय काही बोलल्या नाहीत."

"बरा," ती म्हणाली. "माका वाटलाच हुता." आणि तिने फोन ठेवला.

ती फाइल मी अजून तिला पाठवलेली नाही. नंबर माझ्याकडे आहे. गाणी अजून विकायला आहेत.