क्वार्टर्समागची फुगडी

आमचं घर कुरुळीचं, शेतकऱ्याचं. लग्नानंतर मी विहिरीचं पाणी ओढलं, जात्यावर दळलं, भांगलणीला गेले. मग पिंपरीला नवा कारखाना निघाला, यांना तिथं नोकरी लागली आणि सासूबाईंसह आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो. घरात नळ, कोपऱ्यावर पिठाची गिरणी. कष्टाची कामं सुटली, भूक मात्र कुरुळीचीच राहिली. त्यात सासूबाईंचा हात सढळ. भाकरीवर लोण्याचा गोळा, भातावर तुपाची धार.

हळूहळू माझ्या चोळ्या उसवाव्या लागल्या. गावाकडचं कुणी आलं की सासूबाई मला पुढं करायच्या. "बघा, सून कशी भरलीय! सुखात हाय पोर." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पण बाजारापर्यंत चालले तरी धाप लागायची, गुडघे धरायचे.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझं वजन केलं आणि तूप-भात कमी करून रोज चालायला सांगितलं. घरी येऊन मी ताटावर हात आडवा धरला, तर सासूबाईंचे डोळे भरून आले.

"मी सून हुते तवा समद्यांचं झाल्यावर खरवड खाल्लीय. तुला तसं व्हऊ देनार न्हाई."

मी हात मागं घेतला आणि जेवले.

पुढच्या खेपेला वजन वाढलेलंच निघालं. बोलणी खायची तयारी करूनच मी बसले होते. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "घरी ताट कोण वाढतं?"

"सासूबाई."

"इथं येणाऱ्या सगळ्या जणी हेच सांगतात," त्या म्हणाल्या. "मी तुम्हालाच रागावत बसले. बोलायला हवं होतं त्यांच्याशी."

त्या रविवारी त्यांनी क्वार्टर्समधल्या सगळ्या सासवांना दवाखान्यात चहाला बोलावलं. सासूबाई परतल्या त्या थेट माझ्यापुढं येऊन बसल्या. म्हणाल्या, "अंग असंच सुटत गेलं तर बाळंतपणात तुला तरास व्हईल म्हनती. मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं की."

"तू जेवत न्हाई म्हनालीस. ते येगळं."

तूप त्यांनी त्याच दिवशी आवरलं. चालण्याचं मात्र पटेना. कामाशिवाय बायका रस्त्यानं फिरणार कशा? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला क्वार्टर्समागच्या मैदानात नेलं आणि हात पुढं केले. "धर. फुगडी घालू."

चार गिरक्यांतच आम्ही दोघी धापा टाकत खाली बसलो आणि पोट धरून हसलो. शेजारची सासू आपल्या सुनेला घेऊन आली. मग बीडकडची एक आली, कोकणातल्या दोघी आल्या. जिची तिची फुगडी निराळी, गाणी निराळी. शिफ्ट सुटून येणारे पुरुष थबकून बघायचे. हे एकदा म्हणाले, "आई, लोक हसतात."

"हसू दे. तुझं बी पोट सुटलंय, ये."

हे काही आले नाहीत. पण कँटीनमध्ये पोटभर खाऊन घरी पुन्हा जेवायचं, ते सोडलं. एका संध्याकाळी डॉक्टरीणबाई बघायला म्हणून आल्या, चपला काढून खेळूनच गेल्या.

सगळ्याच काही बारीक झाल्या नाहीत. पण माझी धाप गेली, गुडघे मोकळे झाले. पुढं मला दिवस गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझी फुगडी थांबवली. बाळंतपण सुखरूप झालं. मी बाळाला घेऊन घरी आले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला बेताचं जेवायला वाढलं, बाळाची दृष्ट काढली आणि दारात जाऊन म्हणाल्या, "जरा पडून ऱ्हा. बाया खोळंबल्यात, मी आलेच."