बँडवाले मागाहून जेवतील

मी मिरज सोडली त्या संध्याकाळी आमची रिक्षा एका वरातीमागे अडकली. शेजारी निखिल होता, माझ्याच कंपनीतला. दोघेही जपानच्या एकाच कॉन्ट्रॅक्टवर निघालेलो. गाडी चुकेल म्हणून तो पेटला होता. "या बँडवाल्यांना अक्कल आहे का? रस्ता अडवून ठेवलाय!" पुढे लाल कोटांच्या रांगेत, कडेला, गाल फुगवून युफोनियम वाजवत माझे आबा चालले होते. मुलगा परदेशी जातोय म्हणून लग्नसराईत बँडवाल्याला कोण सोडतं? त्यांनी मला पाहिलं. तोंडाला वाद्य, दोन्ही हात गुंतलेले. नुसत्या भुवया वर केल्या. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तेव्हापासून इथे जपानात, इचिकावाच्या मराठी मंडळातल्या तुम्हा सगळ्यांना मी सांगत आलो की माझे वडील 'म्युझिक लाइनमध्ये' होते.

इथल्या फ्लॅटच्या भिंती पातळ, म्हणून वाजवणारे सरावाला नदीच्या बांधावर जातात. एकदा सायकलवरून जाताना ट्रॉम्बोन ऐकला आणि मी ब्रेकच दाबला. ठोका सोडून मधल्या जागेत, छक्, छक्. आबा म्हणायचे, "ठोका ढोलाचा. आपण मधली जागा राखायची, पोरा."

ते मोरिता-सान. तरुणपणी ओसाकात एका कॅबरेत पगारावर वाजवायचे. कुणा खलाशाने आणलेल्या जमैकाच्या रेकॉर्डवर त्यांना हा उलटा ठेका, स्का, सापडला आणि त्यांनी नोकरी सोडली. इथे तेव्हा स्का हे नावही कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं रिकाम्या हॉलमध्ये वाजवलं. या माणसाला ताल कळत नाही, म्हणून लोक हसले. आज तोक्यो-ओसाकातली ट्रम्पेटवाली पोरं त्यांचीच चाल उचलून मैदानं नाचवतात, आणि ते दिसले की कमरेत वाकून 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणतात.

यंदा मंडळाच्या गणपतीला त्यांना मीच बोलावलं. अध्यक्ष निखिलच. माइकवर म्हणाला, "जपानमधले स्काचे आद्य पुरुष!" सगळे नाचलात. सेल्फी काढलेत. "काय कडक वाजवतो रे म्हातारा!"

मग पानं मांडली, आणि निखिल माझ्या कानाशी आला. "आधी आपली माणसं बसू देत. बँडवाले मागाहून जेवतील."

आबा आयुष्यभर असेच जेवले. मांडवामागे, मसालेभात गार झाल्यावर. आणि मी? मी वाढायला लागलो. दोन पंगती उठल्या. मोरिता-सान बाहेर चपलांच्या कपाटापाशी उभे राहून ट्रॉम्बोन पुसत होते. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिने जपानीत विचारलं, "सेन्सेई का थांबलेत?" मी म्हटलं, "भात घे." तिने पुन्हा विचारलं.

तेव्हा मी हातातलं पातेलं आदळलं. "निखिल, मिरजेत तू ज्याची अक्कल काढलीस ना, तो माझा बाप होता."

"अरे, मग आधी सांगायचंस ना! मी कशाला असं..."

"म्हणजे माझा बाप नसता तर चाललं असतं?"

या 'आधी सांगायचंस'चीच मला चीड येते. माणसाला ताटावर बसवायला आधी त्याचं नातं कळावं लागतं आपल्याला! आणि सगळ्यात जास्त चीड माझी. मला तर नातं ठाऊक होतं.

कपाटापाशीच पानं मांडून मी त्यांच्यासोबत बसलो. भात गार झाला होता. मोरिता-सान हात जोडून जेवले आणि विचारलं, "वडील काय वाजवायचे?" मी सांगितलं. ते हसले, आणि बोटांनी कपाटावर वाजवून दाखवलं: छक्, छक्.

घरी जाऊन आबांना फोन केला. मोरिता-सानांचं वाजवणं, रिक्षा, निखिल, म्युझिक लाइन, सगळं ओकून टाकलं. ते रागावतील म्हणून थांबलो.

"ते राहू दे," आबा म्हणाले. "म्हाताऱ्याला आधी वाढलंस न्हवं?"

"नाही, आबा. शेवटी."

आबांनी फोन आईकडे दिला.

वाजवणारा ज्या पंगतीत पहिला बसेल, तेवढंच आता माझं घर. मिरजेत ते नव्हतं. इथे ती पंगत मांडणं माझ्या हातात होतं, आणि पातेलंही माझ्याच हातात होतं.