वर्षभराचे अंक

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत ज्याचं म्हणून काही छापून आलं आहे, त्याच्या पहिल्या छापील पानामागे आमचे साडू उभे आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार होणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नाहीतर मधुमेहावर बोलतात. साडू लोकांच्या कथा-कवितांना जागा शोधून देतात. सिडकोतल्या त्यांच्या घरी दिवाणाखाली, फ्रिजवर, तांदळाच्या डब्यामागे, सगळीकडे मासिकं, त्रैमासिकं आणि कधी निघतील ते फक्त संपादकालाच ठाऊक असलेली अनियतकालिकं. कुठल्या गावचा मास्तर पदरमोड करून पुस्तकं काढतो, कोणता संपादक लांब कथा घेतो, कुणाला यमक सोसत नाही, हे सारं त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस मात्र दर वर्षी चुकतो.

त्यांचा पहिला नियम असा, की ज्या मासिकाला पाठवायचं त्याचे वर्षभराचे अंक आधी वाचायचे. वाळूजच्या कारखान्यातला एक तरुण कवी वही घेऊन आला. साडूंनी सगळ्या कविता वाचल्या, त्याला चहा पाजला आणि एका त्रैमासिकाचे चार अंक मांडीवर ठेवले.

"काका, मला छापायचंय, वाचायचं नाय," तो काकुळतीनं म्हणाला.

"पाटाचं पाणी कुणाच्याबी वावरात सोडतेत का रे? आधी जमीन बघतेत."

पोरगा दोन महिने कंपनीच्या बसमध्ये अंक वाचत होता. मग साडूंनी त्याची तोंडी परीक्षा घेतली, त्यात एकदा नापास केलं, आणि नंतरच कविता पाठवल्या. त्या छापून आल्यावर तो पेढे घेऊन आला. साडूंनी आधी अंक उघडला. "दोन वेलांट्या चुकल्यात," म्हणाले, आणि मग पेढा खाल्ला.

दुसरा नियम याहून कडक. आपलं लिखाण आपण पाठवायचं नाही. "आपल्या लेकराचं नाक आपल्याला चपटं दिसत नाय," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यानं वाचायचं, पटलं तर त्यानंच धाडायचं, सोबत तिकिटं लावलेलं जबाबी पाकीट जोडायचं. माझे दोन्ही कथासंग्रह असेच मार्गी लागले. वर्षभर शोधून त्यांनी एका तालुक्याच्या गावचा छोटा प्रकाशक गाठला होता. पहिल्या संग्रहाच्या मनोगतात मी टंकलेखकाचे आभार मानले, मुखपृष्ठवाल्याचे मानले. साडूंचे राहून गेले. राहून गेले म्हणजे मी राहू दिले.

पण खरी गोष्ट ती नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दुपारी साडू आमच्याकडे आले. अर्धा तास उन्हाळ्यावर बोलले. मग पिशवीतून एक पाकीट काढलं. "चार कथा हायेत. माझ्याच. कुठं पाठवायच्या ते वर लिहिलंय. जबाबी पाकिटावर तुमचाच पत्ता घातलाय. नियम म्हंजे नियम."

मी पहिली कथा वाचली. पाटाच्या चौकीदाराची होती. ती वाचून झाल्यावर मला माझे दोन्ही संग्रह उचलून माळ्यावर टाकावेसे वाटले. पुढच्या तीन मी वाचल्याच नाहीत. तीन महिन्यांनी कागद जबाबी पाकिटात घालून मी परत नेऊन दिले. "साभार परत आलं हो. घट्टपणा नाही म्हणतात." हे शब्द मी त्यांचा जिना चढताना जुळवले होते.

"बरं," साडू म्हणाले. नंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. उलट नव्या पोरांना सांगायचे, "मलाबी एकानं कळवलं होतं, घट्टपणा नाय. राग मानू नये. त्यात आपलंच भलं असतंय." प्रत्येक वेळी मी चहाच्या कपात बघत बसायचो.

गेल्या महिन्यात मी जाऊन सगळं सांगून टाकलं. पाठवलंच नव्हतं, तेही सांगितलं.

"ठावं हाय," साडू म्हणाले. "तिकिटांवर टपालाचा शिक्का नव्हता, साडूभाऊ. त्याच दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्हाला पटलं नाय, म्हणून धाडलं नाय. नियमातच बसतंय की. तुमच्या मतावर माझा भरवसा."

हे मला सोसवेना. "अहो, पटलं होतं! माझ्या सगळ्या कथांपेक्षा सरस होती, म्हणून दाबून ठेवली."

साडूंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "सरस?" त्यांनी हळूच विचारलं. "हाय का?" मी मान डोलावली. मग ते दिवाणाखाली वाकले आणि तेच पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"ते मासिक कवाच बंद पडलं," ते म्हणाले. "आता जागा तुम्ही हुडका. पण आधी राहिलेल्या तीन वाचा."

तिन्ही वाचल्या. आता एका नव्या त्रैमासिकाचे अंक माझ्या उशाशी आहेत. चारांतला दुसरा चालू आहे. आमची दोघांची वयं पाहता मी जरा भरभर पानं उलटतो. सकाळी साडूंचा फोन येतो. "कुठवर आलात?" मी पान सांगतो. "सावकाश वाचा," ते म्हणतात, "तोंडी घेणार हाय."