तलवारीची चकती आणि माझं आरमार

चहा आधी संपवा बघू. मग ठसका लागला तर मला बोल लावू नका! कारण फजिती सांगतोय, तीही स्वतःची, आणि तीही भर सभेतली.

आमच्या खाडीकाठच्या राजिवड्यात एका सारंगांचं जुनं घर होतं. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. उभी हयात समुद्रावर गेलेला माणूस. ते वारले, मुलगी सलमाबाई कुवेतला स्थायिक. ती घर विकायला आली आणि आतल्या सामानाचा लिलाव ठेवला. मी गेलो होतो आरामखुर्चीसाठी. इतिहासाचा मास्तर, नुकताच निवृत्त झालेला. मला दुसरं काय हवं?

पण खुर्ची राहिली बाजूला. एका पेटीत मखमलीवर लोखंडी चकत्या मांडलेल्या. तळहाताएवढ्या, काळ्याभोर, मधोमध पाचरीसारखी खाच, तिच्या बाजूला बारीक भोकं. मी सहज एक उचलली आणि... अहो, श्वासच अडकला! काठाने लाटा उसळलेल्या, आणि लाटेतून वर येणारा खेकडा. नांगीवर सोन्याची तार, केसाएवढी! लोखंडाला हे असं वळवणारा हात कसला असेल? वाटलं, फुंकर मारली तर हा तिरका तिरका पळत सुटेल.

पण ही वस्तू आहे काय? देव जाणे! लिलाववाला आपला ओरडतोय, "नक्षीच्या चकत्या, नक्षीच्या चकत्या!"

मी बोली लावली. लगेच मागून आवाज, "त्याच्यावर माझी!"

वळून बघतो तर हमीदाभाभी. मिरकरवाड्यातली बोटींची मालकीण. या बाईने आजवर सडका मासा आणि चुकीची वस्तू कधी घरात आणलेली नाही. म्हटलं, भाभी मागे लागली म्हणजे माल अस्सल! मी वाढवली. तिने वाढवली. मी परत वाढवली. शेजारून आमची ही कोपराने ढोसतेय, "अहो, खुर्ची! खुर्ची!" पण मी कुठला ऐकतोय? शेवटी भाभीने हात झटकले आणि पेटी माझी झाली.

भाभी तडक जवळ आली. हळूच म्हणाली, "सर, ह्या हाईत तरी काय वो?"

मी गार! "म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? मग बोली कशाला लावलीत?"

"तुमी लावलीत म्हनून! इतिहासाचा मानूस उगीच कशाला लावील?"

घ्या! आता खरं बोलून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण भोवती जमलेले सगळे माझेच जुने विद्यार्थी. "सर, काय आहे? सांगा ना!" पस्तावलेला माणूस गप्प बसतो, मास्तर नाही बसत. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मराठ्यांचं आरमार!"

सगळे आणखी जवळ सरकले. मला चेव आला. "गलबताच्या शिडाचे दोर यातून ओवायचे. मधली खाच जाड दोराला, बाजूची भोकं बारीक दोरांना."

"आणि खेकडा, सर?"

"खेकडा? खेकडा म्हणजे... आरमारप्रमुखाची खूण!"

हां, हां, हसू नका! त्या क्षणी माझा स्वतःचा विश्वास बसला होता त्यावर.

बातमी गावभर. वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले, व्याख्यान ठरलं. विषय 'आपल्या आरमाराचा अनमोल ठेवा'. आणि माझं डोकं बघा, सलमाबाई घराच्या व्यवहारासाठी अजून गावातच होत्या, त्यांना फोन करून मीच बोलावलं! म्हटलं, आपल्या वडिलांकडे काय होतं ते कळू दे बिचारीला.

सभागृह गच्च. मी खेकडा उंच धरला, शिडं उभारली, वादळं आणली, शत्रूची जहाजं बुडवली. टाळ्या! मग पहिल्या रांगेतून सलमाबाई उठल्या. आवाज अगदी मऊ.

"सर, रागावू नका हं. पण हे अब्बांनी जपानहून आणलेलं. योकोहामा बंदरात, जुन्या बाजारातून. तिथल्या तलवारींना मूठ आणि पातं यांच्यामध्ये ही चकती बसवायचे. त्या खाचेतून पातं जायचं. पुढे तलवारी बाळगायला बंदी झाली, तेव्हा लोकांनी या सुट्या काढून विकल्या."

माझं आरमार उभ्या उभ्या बुडालं. कुठेतरी भोक पडून आपण खाली जावं असं वाटत होतं.

"अब्बा ईदला पेटी उघडायचे," त्या म्हणाल्या. "आम्हा पोरांना बोट फिरवू द्यायचे. म्हणायचे, बघा, वार पात्याने होतो, नाव पात्याचं होतं. पण माणसाचा हात राखते ती ही. कुणीतरी बसून मारायच्या हत्यारावर जिवंत खेकडा कोरलाय!"

मी हातातल्या चकतीकडे पाहिलं. खरं सांगतो, लाज कुठल्या कुठे गेली. हिच्यामागे कुणाची तरी बोटं होती. कुठल्या लढाईत, कुणास ठाऊक! ती बोटं गेली, पातं गेलं, आणि हा खेकडा सात समुद्र ओलांडून राजिवड्यात आला. माझं खोटं आरमार याच्यापुढे किती फुटकळ!

मी पेटी पुढे केली. "ताई, ही तुमची. घ्या परत."

"नको सर. तुम्ही तिच्याकडे बघता ना, अब्बा अगदी तसेच बघायचे. तुमच्याकडेच राहू दे. फक्त खरं तेवढं सांगत जा."

मी पेटी पुन्हा जवळ घेतली. आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून हमीदाभाभी उभी राहिली.

"म्हंजे हात पुढं घसरू नये म्हनून ही लावतात ना, सर? मग जिभेला लावायची मिलते का, तेवढं इचारा की जपानात!"