काचेआडचा नकाशा

नकाशावर काच बसवलेली मला दिसली, तेव्हा प्राचार्य रिबीन सरळ बांधून घेत होते. काच चांगली जाड होती. चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांत स्क्रू.

मी विचारलं, "सर, ही काच कशाला?"

"अहो मॅडम, तुमची एवढी मेहनत. पोरं येता-जाता हात लावून खराब करतील."

मी नगरला राहते. अंध वाचकांसाठी ब्रेल पुस्तकं आणि स्पर्शनकाशे तयार करणं हे माझं काम. स्पर्शनकाशा म्हणजे बोटांनी वाचायचा नकाशा. त्यात भिंत म्हणजे वर उठलेली रेघ, दार म्हणजे त्या रेघेतली फट, जिना म्हणजे जवळजवळ ओढलेल्या पट्ट्या. हात लावणं हा त्याचा एकमेव उपयोग. हे मी सरांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती. मान डोलावण्यात सर फार उदार होते.

कॉलेज कोल्हारजवळचं. तिथे वैशाली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नाही. वर्गात, लायब्ररीत तिची एक मैत्रीण तिला हात धरून न्यायची. दिवाळीनंतर त्या मैत्रिणीचं लग्न झालं आणि ती पुणतांब्याला सासरी गेली. वैशालीचे वडील शेती करायचे. मोटारसायकलवर ते तिला गेटपर्यंत सोडत, पण दिवसभर मागे कोण फिरणार? घरात कॉलेज बंद करायचं जवळजवळ ठरलं. तेव्हा तिथल्या मराठीच्या मॅडमनी मला फोन केला, प्रवेशद्वाराशी इमारतीचा नकाशा लावला तर काही होईल का म्हणून.

मी आधी वैशालीला भेटले. नकाशात काय काय हवं, असं विचारलं. मला वाटलं, लायब्ररी म्हणेल.

"बाथरूम," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून सांगितलं, "मैत्रीण हुती तवा तिला सांगता यायचं. आता रोज नव्या पोरीला काय सांगायचं? म्हनून मी सकाळपासून पानीच पीत न्हाई."

मी ते लिहून घेतलं नाही. लक्षात राहण्यासारखं होतं.

कच्चा नकाशा घेऊन प्राचार्यांकडे गेले, तर त्यांच्या दोन सूचना होत्या. पहिली, त्यांची केबिन मधोमध हवी आणि तिथे त्यांचं पूर्ण नाव पदव्यांसकट हवं. मी म्हटलं, केबिन आहे तिथेच दाखवावी लागेल. शिवाय ब्रेलचं अक्षर लहान करता येत नाही. बोटाला कळेल एवढं ते असावंच लागतं. म्हणून खोलीत एक-दोन अक्षरांची खूण करतात आणि पूर्ण नाव बाजूच्या यादीत देतात. सरांच्या सगळ्या पदव्या त्यांच्या खोलीत लिहिल्या असत्या, तर त्या भिंत ओलांडून कँटीनमध्ये गेल्या असत्या. सरांनी पदव्या मागे घेतल्या.

दुसरी सूचना अशी, की प्रवेशद्वारावर बाथरूम दाखवणं बरं दिसत नाही. पाहुणे येतात. मी म्हटलं, ब्रेल वाचता येणाऱ्यालाच ते कळेल, पाहुण्यांना तिथे नुसते ठिपके दिसतील. हे मात्र सरांना एकदम पटलं.

तर आता उद्घाटन. रिबीन वैशालीनेच कापायची होती. तिचे वडील टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते. आधी बघू, मग काय ते ठरवू, असं ते मला येताना म्हणाले होते. त्यामुळे मी रिबिनीऐवजी काचेच्या स्क्रूंकडेच बघत होते.

रिबीन कापली, टाळ्या झाल्या. वैशालीने हात पुढे केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

"सर," ती म्हणाली, "आपलं कॉलेज लई गुळगुळीत हाय."

सगळे हसले. सर सर्वांत आधी हसले आणि सर्वांत आधी थांबले. मग स्क्रू-ड्रायव्हरची शोधाशोध सुरू झाली. लॅबच्या कपाटाची चावी शिपायाकडे आणि शिपाई हार आणायला गेलेला. शेवटी वैशालीचे वडीलच मोटारसायकलचा पाना-पेचकस घेऊन आले आणि एकेक स्क्रू काढू लागले. काच धरायला कोणीतरी हवं होतं. ती प्राचार्यांनी धरली.

वैशालीने पुन्हा हात ठेवला. आपण उभे आहोत ती जागा दाखवणारा गोल उंचवटा तिला लगेच सापडला. तिथून बोटं उजवीकडे सरकली, एका फटीशी थांबली, परत आली, पुन्हा गेली. मग तिने घडीची पांढरी काठी उघडली.

"आबा, हितंच थांबा. आलेच मी."

वडील मागे निघाले होते, मी त्यांची बाही धरली. माझ्या केबिनकडे गेली का, असं सरांनी हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. काठीचा आवाज व्हरांड्याच्या कोपऱ्यावर वळला आणि बंद झाला. वडिलांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी उगाच नकाशाची कड पुसत राहिले.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ओढणीने चेहरा पुसत तिने पाणी मागितलं. वडिलांनी बाटली दिली. तिने ती उभ्या उभ्या संपवली.

"येवढी तहान लागती व्हय तुला?" वडिलांनी विचारलं.

"रोजच लागती, आबा."

त्यांना काही कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पेचकस खिशात घालायचा बराच वेळ प्रयत्न केला. निघताना त्यांनी सरांना एवढंच विचारलं, उद्या पहिला तास किती वाजता असतो.

वैशाली आता शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी प्राचार्यांचा फोन आला. नकाशा हातांनी काळा पडलाय, उजवीकडचे ठिपके तर झिजून गेलेत, डोळस पोरंसुद्धा डोळे मिटून त्यावर पैजा लावतात, मी म्हणत होतो ना मॅडम, अशी तक्रार होती. मी त्यांचं अभिनंदन केलं. ते थोडे गोंधळले, तरी नवीन नकाशाची ऑर्डर दिली.

हल्ली नवं काम आलं की नकाशात काय दाखवायचं, असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी प्राचार्यच देतात. ज्याची बोटं तो वाचणार, त्यालाच तुला आधी कुठे जायचंय, असं विचारते.