कवड्यांचे पट्टे

बायकोला घेऊन पाचोऱ्याच्या बाजारात गेलो ते शेवटचंच. पोळ्यासाठी बैलांना कवड्यांचे पट्टे करायला सांगायचे होते. तिथला कवडीवाला प्रत्येक कवडीच्या फटीवरून नख फिरवी. दात मोडका लागला की फेकून देई.

बायको म्हणाली, “भाऊ, सून पसंत करी राह्यना का?”

मान वर न करता तो बोलला, “समिंदरनी गोगलगायनं घर शे, अक्का. नीट देखनं पडस.”

पोळ्याआधीच ती वारली. घरात दुखवटा, यंदा बैल सजवायचे नाहीत, असं भावकीनं ठरवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी कवडीवाला पट्टे घेऊन दारात उभा. मी नको म्हणालो.

“दुखवटा तुमले शे, नाना. बैलस्ले नही.”

पट्टे उंबऱ्यावर ठेवून पाणीही न पिता गेला.

सकाळी भावकीदेखत मी बैल धुतले, पट्टे बांधले आणि वेशीत सगळ्यांच्या पुढे नेऊन उभे केले.